‘पयोधर’ चालतो, ‘स्तन’ चालत नाही

एम. ए.च्या वर्गात ‘गाथासप्तशती’ शिकवताना दरवर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात येते. ‘पयोधर’, ‘कुच’, ‘उरोज’ हे शब्द फळ्यावर लिहिले, कलश, कमळाच्या कळ्या, हत्तीचे गंडस्थळ अशी त्यांच्या उपमानांची यादी केली, तरी वर्गात काहीही घडत नाही. मुले वहीत उतरवून घेतात, मुली मान वर करून ऐकतात आणि परीक्षेत त्यावर प्रश्न आला तर सगळे तो सोडवतात. त्याच महाविद्यालयाच्या सभागृहात आरोग्यविषयक माहिती द्यायला आलेल्या परिचारिकेने पहिल्याच वाक्यात ‘स्तनांचा कर्करोग’ असे म्हटले आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. मुलींच्या माना खाली गेल्या. आभार मानताना माझ्या एका विद्वान सहकाऱ्यांनी त्या रोगाचा उल्लेख ‘महिलांचा तो आजार’ असा केला. हे सहकारी प्राचीन काव्य शिकवतात.

हसणाऱ्या मुलांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्याविषयी, म्हणजे मराठीच्या अध्यापकांविषयी. एका अवयवासाठी आपण दोन भाषा सांभाळल्या आहेत. एक अलंकाराची, जिच्यात त्याचे कौतुक करता येते. दुसरी आडवळणाची, जिच्यात त्याचे दुखणे लपवता येते. बाईने स्वतःच्या स्तनाविषयी सरळ वाक्य बोलावे अशी तिसरी भाषा आपण घडवली नाही, आणि ज्यांनी घडवू पाहिली त्यांना साथही दिली नाही. याचा परिणाम काय होतो हे मला अशा एका ठिकाणी दाखवायचे आहे, जिकडे सहसा कुणी पाहत नाही. ते ठिकाण म्हणजे सौंदर्यासाठी स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रियांमधील कर्करोगाचे निदान. विषय वैद्यकाचा आहे हे खरे. पण तो केवळ वैद्यकाचा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमची एक जुनी विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी भेटायला आली होती. लग्नानंतर मुंबईत नोकरी. तिशीत असताना तिने स्वतःच्या मिळकतीतून ही शस्त्रक्रिया करून घेतली. नवऱ्याला ठाऊक होते; घरात इतर कुणाला नाही. चाळिशी ओलांडल्यावर एकदा गणपतीला गावी आली असताना ती सासूबाईंबरोबर मॅमोग्राफीला गेली. नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारले, “छातीचं काही ऑपरेशन झालंय का?” सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. ती “नाही” म्हणाली. पहिल्याच छायाचित्रात रोपण दिसले. ते न दिसण्यासारखी वस्तूच नव्हे. तंत्रज्ञाने दार अर्धवट उघडून बाहेरच्या बाईंना मोठ्याने सांगितले, “यांना इम्प्लांट आहेत, लिहिलं का नाही?” बाकावर रांगेत बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. उरलेली छायाचित्रे न काढताच ती कपडे घालून बाहेर पडली. त्यानंतर आठ महिने ती कुठेच गेली नाही.

“मॅडम, मला गाठीची भीती वाटत नव्हती,” ती म्हणाली, “पुन्हा तो प्रश्न कुणीतरी विचारील याची वाटत होती.”

पुढे काय निघाले, हे मी सांगणार नाही. काही निघाले नाही म्हणून सांगितले, तर वाचक म्हणतील, मग एवढे लिहिण्यासारखे काय घडले? निघाले म्हणून सांगितले, तर त्यांतले काही मनातल्या मनात म्हणतील, केले तसे भरले. या दोन्ही प्रतिक्रिया मला परिचयाच्या आहेत, आणि या लेखाचा वाद त्यांच्याशीच आहे.

आधी वैद्यकीय बाजू, जेवढी लागते तेवढी. मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून घेतलेले क्ष-किरण छायाचित्र. सिलिकोनचे असो वा क्षारजलाचे, रोपण हे क्ष-किरणांना कमी-अधिक अडवते. चित्रात त्याचा पांढरा गोळा उमटतो आणि त्याच्या आडचा स्तनाचा भाग झाकला जातो. रोपण छातीच्या स्नायूच्या वर, थेट ग्रंथीमागे ठेवलेले असेल तर अडथळा जास्त. स्नायूखाली असेल तर तुलनेने कमी. रोपणाभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करते. ते कधी आकसून घट्ट होते, आणि मग स्तन पुरेसा दाबताच येत नाही. यावर उपाय आहे. एकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक पद्धत मांडली. तिच्यात रोपण हाताने मागे, छातीच्या भिंतीकडे ढकलायचे, स्तनाचा स्वतःचा भाग पुढे ओढून घ्यायचा आणि तेवढाच दाबून चित्र काढायचे. नेहमीच्या चार चित्रांत ही चार मिळवली की आठ होतात. तरीही थोडा भाग सुटतोच. म्हणून गरजेप्रमाणे सोनोग्राफी, क्वचित एमआरआय. सुईने तुकडा काढून तपासायचा असेल, तर सुई रोपणात शिरू नये म्हणून ते कुठे आहे हे आधी माहीत असावे लागते.

अडथळा किती मोठा आहे? अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांच्या छाननीत, वर्धन केलेल्या स्त्रियांमधले ४५ टक्के कर्करोग मॅमोग्राफीने पकडले, तर इतर स्त्रियांमधले सुमारे ६७ टक्के. त्याच अभ्यासाने हेही नोंदवले, की निदानाच्या वेळी दोन्ही गटांतल्या रोगाच्या स्वरूपात फारसा फरक नव्हता. पुढे २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषण आले. त्यात रोपण असलेल्या स्त्रियांचे निदान रोग पसरल्यानंतर होण्याची शक्यता अधिक दिसली. निष्कर्ष जपून घ्यावेत असे त्याच्या लेखकांनी स्वतःच म्हटले. म्हणजे चित्र काळेकुट्ट नाही आणि निर्धास्त राहावे असेही नाही. निदान अवघड होते, अशक्य होत नाही. मात्र ते शक्य होण्याची अट अशी, की तपासणाऱ्याला रोपणाची कल्पना सुरुवातीपासून हवी. आठ चित्रांची वेळ ठेवणे, पट्ट्यांचा दाब बेताचा ठेवणे, जोडीला सोनोग्राफी सांगणे, सुईची दिशा ठरवणे, हे सारे एका वाक्यावर अवलंबून आहे. “मला इम्प्लांट आहेत,” हे ते वाक्य. यंत्र कितीही चांगले असो, ते त्याच्या नंतर येते.

हे वाक्य आपल्याकडे का उच्चारले जात नाही?

पहिले कारण उघड आहे. अशी शस्त्रक्रिया करून घेणारी बाई नटवी, उथळ, पुरुषांच्या नजरेसाठी जगणारी, असा निवाडा आपल्या समाजाने आधीच करून ठेवला आहे. त्यामुळे कर्करोग तिच्या बाबतीत रोग राहत नाही, शिक्षा होते. वस्तुतः नेहमीचा स्तनांचा कर्करोग रोपणामुळे होतो असे आजवरच्या मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. रोपणाशी खरोखर जोडलेला रोग निराळा आहे. रोपणाभोवतीच्या आवरणात, मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या रोपणांच्या बाबतीत, एक दुर्मीळ लिंफोमा उद्भवतो. बहुधा बऱ्याच वर्षांनी स्तन एकाएकी सुजतो, तेव्हा तो लक्षात येतो. त्यापायी एका मोठ्या कंपनीने २०१९ साली आपली खरखरीत रोपणे जगभरातून परत घेतली. ही माहिती प्रत्येक रोपणधारक स्त्रीला असायला हवी. परंतु माहिती देणे वेगळे आणि ‘बघा, झाले ना’ म्हणणे वेगळे. दुसऱ्यात माहितीचा अंशही नसतो.

या निवाड्याचा दुटप्पीपणा महाराष्ट्राच्याच इतिहासात पाहता येतो. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात पुण्याच्या परिसरात झालेल्या एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापून आले. इंग्रजांच्या सैन्यातल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका स्थानिक कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. पुढे १८१४ साली लंडनमध्ये कार्प्यू या शल्यविशारदाने हीच पद्धत वापरली, आणि आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचा इतिहास सांगताना ही घटना आपण अभिमानाने सांगतो. नाक नसले तरी माणूस जगतो. कावसजीला नाक हवे होते ते चारचौघांत तोंड दाखवता यावे म्हणून. त्याला कुणी नटवा म्हटले नाही. मराठीत नाक म्हणजे अब्रू. नाक कापले जाते, नाक वर राहते, नाक खुपसले जाते, नाकाने कांदे सोलले जातात. आपल्या शरीराविषयी चारचौघांत वाटणाऱ्या लाजेवर नाकाच्या बाबतीत शस्त्रक्रिया केली तर तो पराक्रम ठरतो, आणि स्तनाच्या बाबतीत केली तर चाळे. फरक अवयवांत नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या भाषेत आहे.

दुसरे कारण मात्र आपल्या अधिक जवळचे आहे, म्हणून अधिक टोचणारे. सनातनी मंडळींना दोष देऊन आपण मोकळे होतो. पण आपण स्वतः, म्हणजे स्त्रीवादी समीक्षा वाचणारे आणि शिकवणारे, काय करतो? आपण रोपणाला ‘संहिता’ मानतो. पुरुषी नजर, बाजारपेठ, देहाचे वस्तूकरण असे शब्द लावून त्याचे वाचन करतो, चर्चासत्रात निबंध सादर करतो. त्या वाचनात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. सिलिकोन जेलचे पहिले रोपण १९६२ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात क्रोनिन आणि गेरो या दोन शल्यविशारदांनी केले. ज्या स्त्रीवर ते केले, ती दवाखान्यात गेली होती स्तनांवरचे गोंदण काढून घ्यायला. रोपणाची कल्पना तिची नव्हती, डॉक्टरांची होती. बाजारपेठेच्या टीकेला याहून बोलके उदाहरण कुठले मिळणार? आपला १९५४चा औषधे आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा पाहा. कोणत्या व्याधींवरच्या औषधांची जाहिरात करू नये, याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे. त्या यादीत कर्करोग आहे आणि ‘स्त्रीच्या स्तनांची ठेवण व आकार’ हेही आहे. बाईच्या स्तनाचा आकार हा व्याधींच्या पंक्तीला बसवण्याचे काम केवळ बाजाराने केलेले नाही, हे यावरून कळते.

पण एवढे सगळे म्हणून झाल्यावर ती बाई कुठे असते? आपल्या निबंधात ती पुरुषसत्तेची बळी असते किंवा तिची हस्तक असते. मॅमोग्राफीच्या खोलीत गाऊन घालून उभी असलेली, चाळिशीतली, घाबरलेली बाई ती नसते. मोहल्ल्यातल्या काकूंच्या तोंडी ‘नटवी’ असते, आपल्या तोंडी ‘अंतर्गतीकरण’ असते. ऐकणाऱ्या बाईला दोन्ही शब्दांतला निवाडा एकसारखाच कळतो. माझ्या विद्यार्थिनीने मला ही हकीकत सांगायला कित्येक वर्षे घेतली. का, असे विचारल्यावर तिने जे उत्तर दिले ते मला विसरता येत नाही. “तुम्ही वर्गात यावर बोलला होता, मॅडम. तुम्हाला काय वाटेल ते मला आधीच माहीत होतं.”

सुझन सोन्टॅगला १९७५ साली स्तनांचा कर्करोग झाला. त्यानंतर तीन वर्षांनी तिने आजार आणि रूपक यांच्या संबंधावरचे पुस्तक लिहिले. रूपके रुग्णाला गप्प करतात, रोगाचे रूपांतर चारित्र्यदोषात करतात, हा त्याचा गाभा. हे पुस्तक आपल्या अभ्यासक्रमांत आहे. आपण त्यावर टिपा लिहून देतो. तिच्यानंतर दोनच वर्षांनी ऑड्री लॉर्डची कर्करोगाची रोजनिशी प्रसिद्ध झाली. स्तन काढल्यावर कृत्रिम स्तन न लावता दवाखान्यात गेल्याबद्दल तिला परिचारिकेचे बोल ऐकावे लागले, कारण म्हणे त्याने इतर रुग्णांचे मनोधैर्य खचते. लॉर्डने कृत्रिम स्तन नाकारला. तो तिचा निर्णय आपण वर्गात गौरवाने सांगतो. परंतु लॉर्डचा मुद्दा असा होता, की या शरीराचे काय करायचे ते मी ठरवीन आणि ते मी मोठ्याने बोलेन. तो मुद्दा, रोपण करून घेतलेल्या बाईलाही तेवढाच लागू पडतो. आपण लॉर्डचा निष्कर्ष उचलला आणि तिचे तत्त्व मागे ठेवले.

महाश्वेतादेवींची ‘स्तनदायिनी’ ही कथाही आपण शिकवतो. पोटासाठी श्रीमंतांच्या घरी दाई म्हणून राहिलेली, पिढीभर मुलांना पाजणारी जशोदा स्तनांच्या कर्करोगाने रुग्णालयात एकाकी मरते. रोग ओळखला जातो तेव्हा फार उशीर झालेला असतो. वर्गात आपण जशोदेला राष्ट्राचे, मातृत्वाचे, शोषित श्रमाचे प्रतीक म्हणून वाचतो. एकदा एका मुलीने विचारले, “तिने आधी कुणाला सांगितलं का नाही?” मी तो प्रश्न ‘कथेबाहेरचा’ म्हणून बाजूला सारला. आज वाटते, त्या तासाला विचारला गेलेला खरा वाङ्मयीन प्रश्न तोच होता.

आता भाषेकडे येऊ. मराठीत बाई मुलाला ‘अंगावर’ पाजते. म्हणजे स्तन हे ‘अंग’. गाठ असते ती ‘छातीत’. छाती हृदयाची, फुप्फुसाची आणि पुरुषाच्या मर्दुमकीचीही. ‘छातीत काहीतरी आहे’ एवढ्यावरून ऐकणाऱ्याने कुठे पाहायचे? खेड्यात ‘थान’ हा रोखठोक शब्द आहे, ‘स्तन’ या शब्दाचाच लेक. पण शिकलेल्या मुलीने तो उच्चारला तर ती गावंढळ ठरते. ‘स्तन’ म्हटले तर निर्लज्ज, ‘ब्रेस्ट’ म्हटले तर इंग्रजीच्या आडोशाला गेल्यासारखे वाटून जरा सुटका. जाहिरातींनी मात्र आपली भाषा बिनबोभाट घडवली: आत्मविश्वास, नवे रूप, सुडौलपणा. त्या शब्दांत शस्त्रक्रिया करून घेता येते. तिच्याविषयी नंतर बोलता येत नाही. वीस वर्षांनी तपासणीच्या टेबलावर ‘सुडौलपणा’ हा शब्द कुठल्या कामाचा?

या भाषेची उणीव ओळखणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातल्या घराण्यात होऊन गेला. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या कामापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. अवयवांना त्यांच्या नावाने हाक मारायची आणि वाचकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, एवढाच त्यांचा गुन्हा. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच १९३४चा अश्लीलतेचा खटला उभा राहिला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, आणि तरीही कर्वे तो हरले. आज आपण कर्व्यांवर चित्रपट पाहतो, नाटक पाहतो, त्यांच्या द्रष्टेपणाची वाखाणणी करतो. परंतु मराठी गद्याच्या इतिहासाच्या तासाला ‘समाजस्वास्थ्य’ची भाषा, तिची वाक्यरचना, तिचा निर्विकार नेमकेपणा, हा अभ्यासाचा विषय म्हणून कितीजण शिकवतात? निबंधकार म्हणून आपण चिपळूणकर घेतो, आगरकर घेतो. कर्वे ‘समाजसुधारक’ या कप्प्यात टाकून वाङ्मयाबाहेर ठेवतो. ज्या गद्यात एखादी स्त्री आपल्या शरीराविषयी सरळ बोलू शकली असती, ते गद्य आपण अवाङ्मयीन ठरवले.

कुणी म्हणेल, रत्नागिरीत अशा बायका असून असणार किती? चर्चा करावी एवढा का हा प्रश्न आहे? ज्या गोष्टीविषयी कुणी बोलत नाही तिची मोजदाद होत नाही, हे पहिले उत्तर. दुसरे असे, की रत्नागिरी रत्नागिरीतच संपत नाही. कोकणातल्या प्रत्येक घराचे एक टोक मुंबईला असते, आणि गणपती-शिमग्याला ते टोक घरी येते. शिवाय ही केवळ श्रीमंतांची हौस उरलेली नाही. चेन्नईच्या स्टॅन्ले शासकीय रुग्णालयात २०१८ साली स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रिया मोफत करण्याची सोय झाली, तेव्हा गरिबांना हे का मिळू नये, असा प्रश्न तिथल्या आरोग्यमंत्र्यांनीच विचारला होता. कर्करोगात स्तन काढल्यानंतर रोपण करून घेणाऱ्या स्त्रिया आहेत, पारलिंगी स्त्रिया आहेत. आणि तिसरे उत्तर: जे वाक्य रोपणवाली बाई बोलू शकत नाही, त्याचे मूळ रोपणात नाही. रोपण नसलेली बाईही ‘माझ्या स्तनात गाठ लागते’ हे वाक्य महिनोन्‌महिने बोलत नाही. जागतिक अंदाजांनुसार २०२२ साली भारतात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि ९८ हजारांच्या आसपास मृत्यू. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. रोपणवालीच्या तोंडी ते मौन दुप्पट होते, इतकेच.

मौन तुटले तर काय होऊ शकते याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. हाताने तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंवर असा परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातही चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने टाटा मेमोरियलने खेड्यापाड्यांत कर्करोगतपासणीचे काम केले आहे. या तपासणीची साधने दोनच: शिकवलेला हात आणि बाईला कळेल असे बोलणे.

रोपणवाल्या बाईच्या बाबतीत या हाताचे मोल कमी होत नाही. रोपण स्तनाच्या मागे असते. पुढचा भाग त्यावर ताणलेला असतो, आणि त्यामुळे गाठ बोटांना लागणे कधीकधी सोपे जाते असे काही शल्यविशारदांचे निरीक्षण आहे. यंत्राला जे झाकलेले असते ते हाताला लागू शकते. मात्र त्या हाताला रोपणाची कड कोणती आणि गाठ कोणती हे कळायला पुन्हा तेच वाक्य लागते. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई जी यादी भरून घेतात, तिच्यात स्तनातली गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आणि स्तनाच्या आकारातला बदल यांविषयी प्रश्न आहेत. रोपणाविषयी नाही. आकार मुद्दाम बदलून घेतलेल्या बाईने ‘आकारात बदल’ या रकान्यात काय लिहायचे? ती ‘नाही’ म्हणते आणि आशाताई पुढच्या घरी जातात. दोघींची चूक नाही. दोघींना पुरेशी भाषा दिलेली नाही.

‘हे डॉक्टरांचे काम, आपले नव्हे’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन: प्रश्नावलीचे मराठी कुणाचे काम? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली रोपणांवर चौकटीतला ठळक इशारा सक्तीचा केला आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णाबरोबर कलमवार वाचून सही घेण्याची यादीही ठरवून दिली. असा मजकूर रत्नागिरीच्या बाईला समजेल, तिला लाजवणार नाही आणि घाबरवणारही नाही, अशा मराठीत लिहिणे हे भाषेच्या जाणकाराचे काम आहे. ते न केल्यामुळे त्या जागी ‘वक्षवर्धन-प्रक्रियेचा पूर्वेतिहास’ अशी भाषांतरे येतात, जी भरणारीलाही कळत नाहीत आणि भरून घेणारीलाही. आपल्याकडे ‘उपयोजित मराठी’ नावाचा पेपर आहे. त्यात आपण विद्यार्थ्यांकडून वाढदिवसाच्या जाहिराती आणि सूत्रसंचालनाच्या संहिता लिहून घेतो. तपासणीच्या खोलीत विचारायचे पाच प्रश्न लिहून घेतले तर काय बिघडेल? ‘काही ऑपरेशन झालंय का?’ असे चारचौघांत विचारण्याऐवजी आत, एकटीला, असे विचारता येते: ‘स्तनांत काही बसवून घेतले आहे का? असेल तर सांगा. म्हणजे छायाचित्र वेगळ्या पद्धतीने काढता येईल.’ यात कारण आहे, आश्वासन आहे आणि निवाडा नाही. रोपणाचे कार्ड जपून ठेवा, तपासणीला येताना आणा, एक बाजू एकाएकी सुजली तर थांबू नका, रोपण आहे म्हणून मॅमोग्राफी टाळू नका. ही वाक्येही इतकीच सोपी आहेत. त्यांना अलंकार लागत नाही.

आणि आपल्या वर्गापुरते बोलायचे, तर ‘गाथासप्तशती’ वगळा असे मी म्हणत नाही. उलट ती अधिक मोकळेपणाने शिकवावी. मात्र ‘पयोधर’चा अर्थ सांगताना ‘स्तन’ हा शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटू नये. तो स्पष्ट उच्चारावा, दोनदा उच्चारावा, मागच्या बाकावरचे हसून होईपर्यंत थांबावे आणि पुढे शिकवावे. त्या वर्गातल्या एखाद्या मुलीला वीस वर्षांनी, रोपण असो वा नसो, कुठल्याशा खोलीत अनोळखी माणसापुढे तो शब्द स्वतःविषयी उच्चारावा लागणार आहे.

माझ्या वर्गात बसून गेलेल्या एका मुलीला तो उच्चारता आला नाही. तिला मी ‘पयोधर’ शिकवला होता.